आमच्या वाडीचा वर्षावास

आम्ही कोकणातली माणसे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, सह्याद्रीच्या पायथ्याला आमची वाडी आहे. पंचवीस-तीस उंबऱ्यांची बौद्धवाडी. आजोबा-वडिलांची पिढी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली. आज आमच्यातले कोणी सफाई खात्यात आहेत, कोणी रिक्षा चालवतात, कोणी गावीच भात-नाचणी करतात. मुंबईला चाळीत आमचे शेजारी सोलापूरकडचे आहेत. मे महिना आला की ते आम्हांला हमखास म्हणतात, “तुमचं बरं आहे बुवा! आमच्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि तुम्ही आंब्याच्या सावलीला.” आम्ही हसतो. ते म्हणतात ते खोटे नाही, पण ते निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे सांगावे म्हणून आज लिहायला बसलो आहोत.

कोकणची हवा सौम्य आहे, हे अगदी खरे. मे महिन्यात किनाऱ्यावर पारा सहसा ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो. थंडीतही रात्रीला एक गोधडी पुरते. याचे श्रेय समुद्राला. जमीन तव्यासारखी असते, लगेच तापते आणि लगेच निवते. समुद्र रांजणासारखा आहे, सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. शाळेत आम्ही हे पाठ केले होते. वाडीतल्या बायाबापड्यांना ते पाठ न करताही ठाऊक होते. भात वारवायला कोणत्या वेळी खळ्यावर जायचे, हे त्या या वाऱ्यावरून ठरवत. फक्त हवेत ओलावा इतका की अंगावरचा घाम वाळत नाही. एप्रिल-मे मध्ये नुसते बसले तरी पाठ भिजते. तरी सोलापूरच्या उन्हापुढे हे काहीच नाही, हे आम्ही मान्य करतो.

आणि मग जून येतो.

जून येण्याआधी आमच्या घरांत आगोटीची धावपळ असते. चार महिन्यांची बेगमी करायची. मीठ, मिरची, कुळीथ, सुकट, बोंबील डब्यांत भरायचे. लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचायच्या. घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, पश्चिमेकडच्या भिंतीला झडीपासून आडोसा करायचा. पूर्वी तिथे माडाचे झाप बांधत, आता प्लास्टिकचा कागद. ही सारी कामे बहुतेक बायांच्या अंगावर पडत, कारण पुरुष मुंबईला. आमच्या आईने तीस वर्षे एकटीने घर शाकारले. शिडीवर ती, खाली कौले देणारी आम्ही पोरे.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्येकडचे मोसमी वारे येऊन थडकतात. समुद्रावरून ते बाष्पाने जड होऊन आलेले असतात. समोर सह्याद्री आडवा. वारे वर चढतात, चढता चढता थंड होतात आणि पोटातले सारे पाणी आमच्यावर ओततात. डोंगर ओलांडून पलीकडे जाईपर्यंत ते कोरडे झालेले असतात. म्हणून आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्या शेजाऱ्यांच्या सोलापुरात पाच-साडेपाचशे. ढग तेच, पण एक डोंगर मध्ये आला की एकाच्या वाट्याला पूर आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुष्काळ.

लहानपणी आम्हांला वाटे, इतक्या पाण्याच्या मुलुखात पाण्याची ददात कशी असेल? पण मार्च सरला की वाडीतल्या बाया कळश्या घेऊन वहाळात उतरत. वाळूत खड्डा खणायचा, पाणी झिरपेपर्यंत बसायचे, वाटीने कळशी भरायची. पहाटे तीनला नंबर लावायचा. आजही मे महिन्यात जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. कारण साधे आहे. आमची जमीन जांभ्या दगडाची, सच्छिद्र. डोंगर उभे, नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेला थेंब दोन दिवसांत समुद्राला मिळतो. पाऊस येतो भरभरून, राहत मात्र नाही.

आणि जिथे तो राहत होता, तिथे आम्हांला जाता येत नव्हते. विहिरीवर जायची बंदी होती. वरून कोणी ओतले तर पाणी मिळे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. महाड आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, सावित्रीच्या काठी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. सावित्री ज्या महाबळेश्वरात उगम पावते ते ठिकाण देशातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. त्या नदीच्या काठच्या गावात माणसाला ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि पुढे दहा वर्षे कोर्टात लढावे लागले. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल लागला तेव्हा तळे कायद्याने खुले झाले. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, असे म्हणतात. पडतो सारखाच. पडल्यावर मात्र तो माणसांच्या हाती जातो आणि तिथे वाटणी सुरू होते.

बाबासाहेब पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसातल्या पुरांविषयी परिषद झाली. तिथे त्यांनी मांडलेला विचार आम्ही वाडीत नेहमी सांगतो. पाणी फार झाले म्हणून ते शत्रू ठरत नाही. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवून लोकांच्या कामी आणायला हवे, असा त्याचा मथितार्थ. आम्ही हिशेब करून पाहिला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. आमच्या घराचे छप्पर ३० चौरस मीटरचे. तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे एका पावसाळ्यात ९०,००० लिटर पाणी आमच्या पागोळ्यांवरून वाहून जाते, आणि मे महिन्यात आमची आई टँकरची वाट पाहते. हा हिशेब वाडीच्या बैठकीत मांडला तेव्हा सारे गप्प झाले. दुसऱ्या वर्षी विहाराच्या छपराला पन्हळ लावून खाली टाकी बांधली. मुंबईच्या मंडळाने वर्गणी दिली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पाणी झाले, जमिनीचे काय?

आमची वाडी डोंगराच्या उताराला आहे. वर कातळ आणि जंगल, खाली वहाळ. सपाटीची, पाण्याजवळची जमीन खोताची आणि त्याच्या भाऊबंदांची होती. आजोबा सांगत, “आपल्याला जागा नाय दिली, आपण हितं उरलो.” खोती म्हणजे काय हे आजच्या मुलांना माहीत नसते. खोत सरकारचा सारा गोळा करी, कुळाकडून पिकाचा मोठा वाटा घेई, वर वेठीला राबवी. खोती नष्ट करावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात बिल आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात आमच्या जातीचे होते, तसे कुणबीही होते. खोती संपवणारा कायदा १९४९ साली झाला. खोती गेली. वाडी मात्र तिथेच राहिली, उताराला.

२२ जुलै २०२१ ची रात्र आम्ही विसरू शकत नाही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सोलापूरला वर्षभरात पडतो तेवढा एका दिवसात! चिपळूण, खेड, महाड पाण्याखाली गेले. महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे खुर्दच्या बौद्धवाडीवर डोंगर आला आणि सतरा जण गाडले गेले. आपलीच माणसे, आपल्यासारखीच वाडी. ती बातमी मुंबईत कळली तेव्हा गावचे फोन लागत नव्हते. आम्ही चाळीच्या गॅलरीत रात्रभर उभे होतो.

दोन दिवसांनी गावी पोहोचलो. वाडी शाबूत होती. पण विहाराच्या वरच्या अंगाला, फणसाच्या झाडामागे, जमिनीला भेग पडली होती. वीतभर रुंद आणि पन्नास-साठ पावले लांब. आईच्या घरापासून ती हाकेच्या अंतरावर होती.

दरड जात विचारून कोसळत नाही. तळियेत मराठा बांधव गेले. १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, ते आदिवासी बांधव होते. दुःख सर्वांचे सारखेच. पण डोंगराच्या अंगाला घर बांधण्याची वेळ कोणावर आली, हे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा गरिबी हेच येते आणि आमच्याकडे त्या गरिबीच्या मागे जात उभी असते.

पुढच्या जूनपासून वाडीला दरवर्षी नोटीस येऊ लागली. दरडीचा धोका असल्याने पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, अशी. कुठे करावे, हे त्या कागदात नव्हते. पंचायतीच्या माणसाने खालच्या शाळेच्या दोन खोल्या दाखवल्या. तरणी माणसे तयार झाली. आमची आई तयार होईना. वय पंचाहत्तरच्या पुढे. ती म्हणाली, “मी नाय उठायची हितनं. सासऱ्याला हुसकावलान, सासऱ्याच्या बापाला हुसकावलान. आता कागद धाडून मला हुसकावतायत. हे घर मी माझ्या हातानं शाकारलंय.”

आम्ही समजावले, रागावलो, रडलो. तिच्या बोलण्यात चूक काय होती ते आम्हांला सांगता येत नव्हते. म्हणून आमचा आवाज चढत होता.

१३ जुलै २०२२ ला आषाढी पौर्णिमा होती. त्या दिवशी वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला सुरुवात करण्यासाठी एक भंतेजी वाडीत आले. दरवर्षी या तीन महिन्यांत आम्ही विहारात रोज रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. बाहेर पाऊस, आत एक दिवा, एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. भंतेजींनी त्या दिवशी वर्षावास कसा सुरू झाला ते सांगितले. भगवंतांच्या काळी भिक्खू पावसातही गावोगाव हिंडत. लोक म्हणू लागले, हे कसले श्रमण? कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरट्यात बसतात. तेव्हा भगवंतांनी नियम केला की पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहावे. भंतेजी म्हणाले, “पाहा, हा नियम आकाशातून पडला नाही. हवा पाहून, शेत पाहून, लोकांचे म्हणणे ऐकून केलेला आहे.”

आई पुढेच बसली होती. तिने हात जोडून विचारले, “भंतेजी, मग पावसात जागा सोडू नये, असंच ना?”

आमच्या पोटात गोळा आला. आता भंतेजी हो म्हणाले तर आईला कोण हलवणार?

भंतेजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. त्यांना वाडीतली हकिगत कोणीतरी सांगितली असावी. ते म्हणाले, “माई, नियम तसाच आहे. पण त्याच नियमाला जोडून भगवंतांनी आणखी सांगितले आहे. राहती जागा आगीत सापडली, पुरात वाहू लागली, जनावरांचे, चोरांचे भय झाले, तर भिक्खूने ती सोडून जावे. त्यात दोष नाही. वर्षावास जीव राखण्यासाठी आहे. गवताचा, किड्यामुंगीचा आणि आपलासुद्धा.”

आई काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, “भगवंतानं हुसकावलान नाय. सांगितलान.” आणि मग, “माझी ट्रंक कोण उचलणार?”

त्या वर्षापासून आमच्या वाडीचा वर्षावास असा असतो. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाचा इशारा आला, की संध्याकाळी चुली लवकर पेटतात आणि दिवेलागणीच्या आत सगळी घरे खालच्या शाळेत येतात. तिथेच वंदना होते, तिथेच ग्रंथवाचन. सातवीतली एक मुलगी पावसाचे माप ठेवते. सरळ अंगाची बाटली वरून कापून उघड्यावर ठेवलेली, आत पट्टी चिकटवलेली. रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा. पाऊस किती झाला हे आता वाडी स्वतः सांगते. एका दिवशी वहीत १८० लागले आणि तालुक्याचा आकडा त्याहून बराच कमी होता. डोंगराच्या कुशीतला पाऊस तालुक्याच्या गावी कसा मोजला जाणार?

डोंगर सरकण्याआधी काय काय दिसते, तेही आम्ही शिकून घेतले. जांभ्याखाली चिकणमातीचा थर असतो. पाणी जांभ्यातून झिरपून तिथे अडते, माती फुगते, जड आणि निसरडी होते आणि वरचा भार घेऊन घसरते. म्हणून नवी भेग पडली, जुनी भेग रुंदावली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, दारे चौकटीत अडकू लागली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, नवीनच ठिकाणी पाणी फुटले, तर अलर्टची वाट न पाहता निघायचे. ही यादी मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहून विहारात लावली आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे गाव डोंगराला आहे त्यांनीही ती लावावी, अशी विनंती आहे.

एक वाद मात्र वाडीत अजून चालतो. मृगाला पेरणी करावी की नाही? आम्ही सांगतो, मृग नक्षत्र म्हणजे सूर्याची आकाशातली जागा. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य तिथे येतो, तेव्हा पाऊस जवळ आलेला असतो. हे निरीक्षण आहे, ते खुशाल पाळा. पण नक्षत्राचे वाहन यंदा उंदीर की हत्ती, त्यावरून पाऊस किती पडेल, हे पंचांगातले सांगणे सोडून द्या. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या डोके गहाण ठेवण्यासाठी नव्हे. शिवाय हवाच आता बदलत चालली आहे. अरबी समुद्र तापतो आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के बाष्प जास्त मावते, असे शास्त्रज्ञ सांगतात. मावलेले कधीतरी एकदम ओतले जातेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा मंडणगड-दापोलीकडची कितीतरी घरे उघडी पडली. आईने शाकारलेली कौलेही पाचोळ्यासारखी उडाली होती. असे वादळ आमच्या आजोबांनी कधी पाहिले नव्हते.

शाळेच्या दोन खोल्या हे उत्तर नव्हे, हे आम्हांला कळते. कायमच्या जागेसाठी वाडीने अर्ज केला आहे. पाहणी झाली, फोटो काढले गेले, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आहे. आम्ही दया मागत नाही. सपाटीची, पाण्याजवळची, सुरक्षित जमीन मागतो आहोत. शंभर वर्षांपूर्वी जी दिली गेली नाही, तीच. अर्जाला आम्ही आमची पावसाची वही जोडली आहे, भेगेची मापे जोडली आहेत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे तिन्ही शब्द त्या एका अर्जात आहेत असे आम्हांला वाटते.

आई अजूनही दर मे महिन्यात घर शाकारून घेते. आता शिडीवर नातू चढतो आणि ती खालून कौले देते. आम्ही विचारले, “आये, पावसात राहायचं नाही तर शाकारायचं कशाला?” ती म्हणाली, “तीन महिनं सरलं की परत यायचंय ना घरला?”

सोलापूरकडच्या आमच्या शेजाऱ्यांना आम्ही हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडे पाण्यावाचून गाव सोडावं लागतं, तुमच्याकडे पाण्यापायी.” यंदाच्या आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समाप्तीला, त्यांना आम्ही वाडीत बोलावले आहे. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, भात पिवळे पडलेले असते, हवा खरोखरच गोड असते. आईच्या पडवीत बसून भाकरी खाऊ आणि कोकणची हवा कशी आहे ते त्यांनाच विचारू.

जयभीम.